परसातल्या कोंबड्या: अंडी कुठवर खायची, कोंबडा कधी कापायचा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. सांगली जिल्ह्यातल्या विट्याजवळ घर, घरामागे चार गुंठे मोकळी जागा. गेल्या फेब्रुवारीत गिरिराज जातीची ५० पिल्लं आणली, त्यातली ३१ जगली. आज डिसेंबरात ११ कोंबडे आणि २० कोंबड्या आहेत. खाद्यावर महिन्याला ३,२०० रुपये जातात आणि अंडी मिळतात रोजची चार-पाच. घरच्यांना अंडी हवीत, पंधरवड्यातून एकदा रस्सा हवा, चार पैसे सुटले तर बरंच. म्हणून तुम्ही विचारताय की अंडी आणि मांस दोन्हीला चालेल अशी कोणती जात घेऊ, आणि अंड्यांसाठी कोंबडा ठेवावाच लागतो का.

तुमच्याच आकड्यांचा आधी हिशोब करू. रोज साडेचार अंडी धरली तर महिन्याची १३५ होतात. म्हणजे एक अंडं जवळजवळ २४ रुपयांना पडतंय. एवढ्या पैशात आठवडी बाजारात दोन गावरान अंडी मिळतात. आता जात बदलून ५० नवी पिल्लं आणलीत तरी पुढच्या डिसेंबरात तुम्ही हेच पत्र जातीचं नाव बदलून लिहाल, असं मला वाटतं. कारण दहा महिन्यांचे ११ कोंबडे अजून तुमच्या खुराड्यात आहेत. ते प्रत्येकी तीन किलोच्या पुढे गेले असतील, आणि गेले कित्येक महिने खाल्लेलं अंगाला फारसं न लावता नुसते आरवतायत. ३१ पक्ष्यांत ११ म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त, त्यात कोंबड्याची चोच कोंबडीपेक्षा मोठी. तुमच्या ३,२०० मधले निदान १,२०० रुपये त्यांच्यावर जातायत.

अंडी आणि मांस एकाच कळपातून मिळतं. गावोगाव पिढ्यान् पिढ्या तसंच चाललंय. पण पिल्लू आणतानाच ते कोणत्या महिन्यात खुराड्यातून बाहेर पडणार हे ठरवावं लागतं. कोंबड्याचा महिना वेगळा, कोंबडीचा वेगळा. ते ठरलेलं नसलं की पक्षी साचत जातात आणि पोत्यामागून पोतं संपत जातं.

माझं सांगणं सगळ्यांना जसंच्या तसं लागू होणार नाही. तुमच्याकडे मुंगसं किती, वीज किती वेळ जाते, दुपारी घरी कोण असतं, जवळच्या गावात सणावाराला कोंबडा काय भावाने उचलतात, यावर बरंच ठरतं. कोकणात आठ-दहा कोंबड्या कुंपणाबाहेर रान वेचून जवळजवळ फुकट जगतात. विट्याच्या चार गुंठ्यांत ३१ पक्ष्यांनी सोडलेलं गवत महिनाभरही टिकत नाही. तुमच्या कोंबड्या दिसायला मोकळ्या फिरतात, पण पोट भरतात पोत्यातूनच. दुष्काळी पट्ट्यातला हिशोब डोक्यात ठेवूनच पुढचं वाचा.

पहिलं काम रात्रीचं आहे. अंधार पडल्यावर कोंबड्या दांडीवर बसल्या की बॅटरी घेऊन जा. रात्री पकडली तर ती फडफडत नाही. एकेक कोंबडी काखेत धरा, तोंड मागच्या बाजूला, आणि शेपटीखाली हात लावा. अंड्याच्या वाटेच्या दोन्ही अंगांना दोन टोकदार हाडं लागतात. त्या दोन हाडांमध्ये तुमची दोन-तीन बोटं आडवी मावत असतील, हाडं पातळ आणि लवचीक असतील, अंड्याची वाट रुंद आणि ओलसर असेल, तर ती कोंबडी अंड्यावर आहे. जेमतेम एक बोट मावतंय, वाट सुरकुतलेली आणि कोरडी आहे, तर ती बंद आहे. मग हात थोडा पुढे घेऊन पोट चाचपा. अंड्यावरच्या कोंबडीचं पोट मऊ, सैल लागतं. घट्ट आणि गच्च लागलं, कातडीखाली चरबीचा थर जाणवला, तर ती लठ्ठ झालीय. सकाळी तुराही बघा. लालबुंद, भरलेला, हाताला गरम लागणारा तुरा ही चांगली खूण. चालू कोंबड्यांच्या पायात रंगीत दोरा बांधून ठेवा.

माझा अंदाज असा की वीसपैकी सात-आठ चरबीने बंद असतील. गिरिराज मुळात अंगापिंडाने जड. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने ती परसासाठीच काढली, पण रान वेचून वर मूठभर दाणा मिळेल अशा बेताने. तिच्यापुढे दिवसभर खाद्याचं भांडं भरलेलं ठेवलं की ती अंडी सोडून चरबी धरते. मोठ्या जड कोंबड्यांना मोजून खायला घालावं लागतं. तुमच्याकडे सकाळी ४० ग्रॅम, संध्याकाळी ४०-५० ग्रॅम, दुपारी भाजीपाला, एवढं पुरे. लठ्ठ कोंबडी मोजमापावर आली की काही आठवड्यांत पुन्हा चालू होऊ शकते. महिनाभरात झाली नाही तर तिचा रस्सा करा.

दुसरं कारण दिवसाचं. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो आणि कोंबडीला भरात अंडी द्यायला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. उजेड कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो, त्यातून अंडाशयाला हुकूम जातो. म्हणून थंडीत गावरान कोंबडी थांबते आणि दिवस मोठा होऊ लागला की पुन्हा सुरू होते. खुराड्यात नऊ वॅटचा साधा एलईडी लावा, पण पहाटे. पहाटे चारला लावलात तर संध्याकाळी पक्षी अंधारासोबत आपोआप दांडीवर चढतात. रात्री आठ-नऊला दिवा एकदम बंद केला तर निम्म्या कोंबड्या जमिनीवर अडकून पडतात. एका दिवसात तीन तास वाढवू नका, आठवड्याला अर्धा तास वाढवा. आणि एकदा वाढवलेला उजेड मध्येच तोडू नका, नाहीतर पिसं झडायला लागतात आणि अंडी पार बंद होतात.

तिसरं म्हणजे लपवलेली अंडी. चार कोंबड्यांमागे एक या हिशोबाने फूटभर लांब, फूटभर रुंद अशी अंधारी खोकी ठेवा, आत तूस किंवा वाळलेलं गवत. खोकं नसलं की कोंबडी जळणाच्या ढिगाऱ्यामागे जाते आणि मग मुंगूस अंडी खातं किंवा तिथल्या तिथे फुटतात. फुटलेलं एकदा चाखलं की कोंबड्यांना अंडी खायची खोड लागते. टरफलात मिरची भरून ठेवायचा उपाय सगळे सांगतात. कोंबडीला तिखट लागत नाही, त्यामुळे तो फुकट जातो. अंडी दिवसातून दोनदा उचला, खोकं अंधारं ठेवा आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात कायम ठेवा. कवच घट्ट झालं की खोड बरीच सुटते.

आता जातीबद्दल. तुम्ही विचारलंच आहे, तर थोडक्यात सांगतो. अस्सल गावरान कोंबडी वर्षाला ५० ते ७० अंडी देते, खुडूक बसते म्हणजे अंडी उबवते, पिल्लं सांभाळते, रोगाला काटक, पण वजन धरायला वेळ लावते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराज गिरिराजसारखीच दुहेरी कामाची, परसात शंभर-सव्वाशेच्या आसपास अंडी आणि कोंबडा चांगला भरतो. त्याच संस्थेची ग्रामप्रिया अंड्यांकडे झुकलेली, परसात दीडशेच्या पुढे जाते, पण तिचा कोंबडा हलका. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, २०१८ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चवीला छान, पण अंडी कमी आणि वाढ सावकाश. ‘पिल्लं आम्ही देतो, अंडी आम्हीच चढ्या भावाने परत घेतो’ असं कोणी म्हणालं तर दारातूनच नमस्कार करा. २०१९ मध्ये आपल्याच सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथच्या नावावर शेतकऱ्यांचे किती पैसे बुडाले हे तुम्हाला सांगायला नको.

तुमच्या घरासाठी मी वनराज किंवा ग्रामप्रिया घेईन. रस्सा महत्त्वाचा असेल तर वनराज, अंडी महत्त्वाची असतील तर ग्रामप्रिया. पण गिरिराजच ठेवलीत तरी काही बिघडत नाही. खरा फरक पुढच्या वेळापत्रकाने पडेल.

आपल्याकडे कोंबडीचा बाजार पंचांगावर चालतो. आखाडात कोंबडा मागून मिळत नाही, गटारीच्या आदल्या दिवशी तर लोक दारात येऊन उचलतात. दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की तोच कोंबडा कोणी विचारत नाही. मग गणपती, नवरात्र, पुढे मार्गशीर्षाचे गुरुवार. म्हणून आखाडापासून मागे मोजा. वनराज-गिरिराजचा कोंबडा साडेचार-पाच महिन्यांत दोन किलोच्या आसपास जातो. आखाड जुलैच्या मागेपुढे धरला तर पिल्लं फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत घरात यायला हवीत. अधिक महिना आला की हे पुढे सरकतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे त्या वर्षी आखाड जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आहे. पिल्लं मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली तरी चालतील.

आता कोंबड्यांची बाजू बघा. फेब्रुवारी-मार्चची तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, साडेपाच-सहा महिन्यांनी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात पहिलं अंडं घालते. तिथून थंडीभर, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ती अंडी देते. त्यानंतरच्या आखाडात ती साधारण सतरा महिन्यांची असते. नेमकं याच वयाच्या सुमाराला पहिल्या वर्षाची अंडी संपत येतात, पिसं झडतात, दोन-तीन महिने बिनअंड्यांचे जातात आणि दुसऱ्या वर्षी अंडी निदान एक पंचमांशाने घटतात. व्यावसायिक अंड्यांच्या कोंबड्याही सुमारे ७२ आठवड्यांना काढतात, त्यामागे हेच कारण. म्हणजे आखाडात या वर्षीचे कोंबडे आणि गेल्या वर्षीच्या कोंबड्या एकदमच बाहेर पडतात, श्रावणात खुराड्यात फक्त नव्या तलंगी उरतात, आणि महिनाभरात त्या अंडी सुरू करतात. मध्ये जो अंड्यांचा तुटवडा येतो तो श्रावणातला, तेव्हा निम्म्या घरात अंडी चालतच नाहीत.

फेब्रुवारीत ५० पिल्लं नकोत, ३० घ्या. नर-मादी निवडलेली नसतात, निम्मे कोंबडे निघतात. दोन-चार दगावली तरी बारा-तेरा कोंबडे आणि तेवढ्याच कोंबड्या हातात राहतील. बारा-तेरा आठवडे झाले की कोंबडे तुऱ्यावरून ओळखू येतात आणि आपसात भांडू लागतात. तेव्हापासून घरच्या रश्श्याला पंधरवड्याला एक काढत जा, आधी मागे पडलेला, मग सर्वांत भांडकुदळ. आखाडापर्यंत सात-आठ उरतील, ते विका. बारा कोंबड्यांना मोजून घातलं तर दिवसाला किलोभराच्या आसपास खाद्यात भागतं. भरात असताना पाच-सहा अंडी रोज धरली तर एक अंडं पाच-सहा रुपयांत पडतं. २४ रुपयांशी ताडून बघा.

वैशाखातल्या जत्रेला गिऱ्हाईक पक्कं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणखी एक लहान तुकडी आणता येते. पण ती पहिल्या वर्षी नको. दोन वयांचे पक्षी एकत्र ठेवले की मोठ्यांचा रोग लहानांना लागतो, आणि वेगळं खुराडं बांधायला तुमच्याकडे सध्या जागा असली तरी हात नाहीत.

५० पैकी १९ पिल्लं गेली, बहुतेक पहिल्या दहा दिवसांत, आणि तुम्ही लिहिलंय की उबेसाठी नऊ वॅटचे दोन एलईडी लावले होते. उत्तर तिथेच आहे. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सियसच्या आसपास ऊब लागते आणि पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी करत जायचं. फेब्रुवारीतल्या विट्याच्या रात्री ते बिचारे एकमेकांवर चढून गुदमरले असणार. जुना तारेचा पिवळा बल्ब शोधा, पिल्लामागे दोन वॅट धरा, म्हणजे तीस पिल्लांना ६० वॅटचा एक आणि फ्यूज उडाला तर हाताशी दुसरा. पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं गोल कडं करा, कोपरा ठेवू नका, कारण पिल्लं कोपऱ्यातच दाबली जातात. पहिले दोन दिवस तुसावर कागद अंथरा, नाहीतर ती तूसच खातात. आल्या आल्या गुळाचं कोमट पाणी, तासा-दोन तासांनी भरडलेला मका, मग खाद्य. बल्ब उंच की खाली हे पिल्लं बघून ठरवा. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असली तर थंडी वाजतेय, कडेला चोच उघडून बसली असली तर उष्णता जास्त झालीय. वीज गेली तर निखाऱ्याची शेगडी ठेवतात, पण बंद खोलीत ती पिल्लांचा आणि माणसांचाही जीव घेते. खिडकी उघडी ठेवा.

हे सगळं नको असेल तर महिनाभर वाढवलेली पिल्लं महाग पडली तरी घ्या. पहिल्या वेळेला ते शहाणपणाचं. एक दिवसाची घ्यायची असतील तर शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं कोल्हापूर, खडकी, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला आहेत. तुम्हाला कोल्हापूर जवळ. नावनोंदणी दीड-दोन महिने आधी करा, आणि मरेक्स या रोगाची लस पहिल्या दिवशी दिलीय का हे विचारूनच पेटी उचला, कारण ती नंतर देऊन उपयोग नसतो.

लसीकरणाबद्दल तुम्ही एक शब्दही लिहिला नाहीत, त्यामुळे ते झालंच नाही असं धरतो. ताई, यात तडजोड नको. मानमोडी, म्हणजे राणीखेत, एकदा शिरली की हिरवी हगवण, मान वाकडी, आणि आठवड्याभरात अख्खं खुराडं रिकामं. त्यावर औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या राणीखेतच्या लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहा-सात आठवड्यांना देवीची लस पंखाच्या पातळ कातडीत, आणि आठ ते दहा आठवड्यांना आर-टू-बी ही राणीखेतचीच दुसरी लस कातडीखाली. तुमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात डॉक्टर दिवसांत थोडा फरक सांगतील, त्यांचं ऐका. अडचण एकच: लासोटाची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते, आणि एकदा पातळ केली की तास-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आळीतल्या चार घरांनी एकाच दिवशी लस टोचायचं ठरवा. शेजारच्यांची पिल्लं बिनलसीची राहिली तर तुमचीही धोक्यात असतात. लस थर्मासमध्ये बर्फावर आणा, उन्हात ठेवू नका, आणि आर-टू-बीच्या आठवडाभर आधी जंताचं औषध द्या. मोठ्या वीस कोंबड्यांनाही आता आर-टू-बी देऊन घ्या, मात्र तब्येतीने चांगल्या असलेल्यांनाच. काही दिवस अंडी घटतील, ती परत येतात.

बाजारातून आणलेली ‘एकच चांगली दिसली म्हणून’ कोंबडी हा रोग येण्याचा सगळ्यात सोपा रस्ता. ती तीन आठवडे वेगळी ठेवा, तिचं भांडंही वेगळं. आणि एखाद्या दिवशी सात-आठ पक्षी अचानक मेले, तुरे निळे पडले, तर कापून खायचा विचारही नको. हात न लावता दवाखान्यात कळवा. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला सापडला होता, त्यामुळे हे दूरचं प्रकरण समजू नका. शिजवलेल्या कोंबडीची भीती नाही, भीती आजारी पक्षी हाताळण्याची आहे. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पिल्लांची विष्ठा रक्ताळलेली दिसली तर ती रक्ती हगवण, ओल्या तुसामुळे येते. तिच्यावर औषध आहे, पण त्याच दिवशी सुरू करावं लागतं. तूस मुठीत दाबून बघा. गोळा झाला तर ओलं आहे, वरखाली करा आणि थोडा चुना मिसळा.

खाद्यात दोन गोष्टी सांभाळा. पिल्लांना अंड्यांच्या कोंबडीचं खाद्य घालू नका. त्यात कॅल्शियम साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, ते लहान पक्ष्यांच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. आठ आठवड्यांपर्यंत वीस-एकवीस टक्के प्रथिनांचं पिल्लांचं खाद्य, मग अंडी सुरू होईपर्यंत सोळा टक्क्यांचं वाढीचं. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी घरी मिसळायचं असेल तर दहा किलोला साडेपाच किलो भरडलेला मका किंवा ज्वारी, दोन किलो सोयाबीन पेंड, सव्वा किलोच्या थोडा वर तांदळाचा कोंडा, नऊशे ग्रॅम शिंपल्याचा चुरा, पाव किलो मिनरल मिक्श्चर आणि तीस-चाळीस ग्रॅम मीठ. मका स्वस्त मिळतोय म्हणून बुरशीचा वास येणारा घेऊ नका. ते विष दिसत नाही, यकृत आतून खातं. घरातलं उरलंसुरलं घाला, पण लोणचं, पापड, खारट आमटी नको. हिरवं म्हणून लुसर्ण, शेवग्याचा पाला, बाजारातली उरलेली मेथी-कोबी, हवं तर हौदात अॅझोला ही पाण्यावर तरंगणारी वनस्पती. चार गुंठ्यांचे जाळीने दोन भाग करून आलटून-पालटून सोडलंत तर थोडं गवत तरी उभं राहील.

मुंगसाने किती नेली ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण षटकोनी कोंबडी-जाळी त्याला अडवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्डमेश, म्हणजे जोडलेल्या तारांची चौकोनी जाळी लावा, आणि खाली फूटभर जमिनीत गाडा, घूस तिथूनच येते. रात्रीच्या खुराड्यात पक्ष्यामागे दीड-दोन चौरस फूट जागा, लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. एप्रिल-मेमध्ये ओली पोती बांधा आणि खाद्य पहाटे व सूर्य कलल्यावर द्या. भर दुपारी पोटात दाणा असला की कोंबडी उन्हाने मरते.

कापायच्या आदल्या रात्री खाणं बंद, पाणी चालू. आठ-दहा तासांत पोट रिकामं होतं आणि साफ करायला सोपं जातं. पिसं काढायला पाणी उकळतं नको, बोट क्षणभर टेकवून लगेच काढावंसं वाटेल इतकं, साठ अंशांच्या आसपास. उकळत्या पाण्यात कातडी शिजते आणि पिसांबरोबर फाटून निघते. मग जाळावर भाजून हळद चोळायची, हे तुम्हाला मी काय सांगणार. जिवंत दोन किलोच्या कोंबड्यातून किलो-सव्वा किलो मटण निघतं, विकताना भाव ठरवायला हे लक्षात ठेवा. सतरा महिन्यांची कोंबडी चिवट असते. ती सुक्क्याला नको, अळणी काढायला घ्या, कुकरमध्ये दुप्पट वेळ. आणि औषध दिलेला पक्षी त्या औषधावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय खायचा नाही, त्याची अंडीही नाहीत.

राहिला कोंबडा. अंड्यासाठी तो लागत नाही. कोंबडी आपल्या चक्राप्रमाणे अंडी घालतच राहते, कोंबडा असला तर फक्त ती फलित होतात. बिनफलित अंडं उन्हाळ्यात उलट जास्त टिकतं, कारण फलित अंड्यात उष्णतेने गर्भ वाढायला लागतो. पिल्लं घरीच काढायची असतील तर एक कोंबडा आणि दोन गावरान कोंबड्या ठेवा. संकरित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत. गावरान कोंबडीखाली दहा-बारा अंडी, आठवड्याच्या आतली, एकविसाव्या दिवशी पिल्लं. फक्त वनराजच्या अंड्यातून निघालेली पिल्लं वनराजसारखीच भरतील अशी अपेक्षा नको. विकत आणलेली संकरित जात पुढच्या पिढीत विखुरते.

अकरापैकी दहा कोंबडे या महिन्यात काढा. मार्गशीर्ष संपला की ३१ डिसेंबरला गिऱ्हाईक मिळेल, पंचांग बघून एखाद्या आठवड्याने इकडे-तिकडे करा. रात्रीची तपासणी झाली की दोरा बांधलेल्या कोंबड्या किती निघाल्या ते कळवा. बारापेक्षा जास्त निघाल्या आणि अंडी तरी चारच येत असली तर खाद्याकडे बघायच्या आधी जळणाचा ढीग उपसा.